बारा नंबरचं पान काढून टाक

प्रिय भिंगरी,

अक्षर वेडंवाकडं आलंय, तिकडे लक्ष देऊ नकोस. डोकं ठणकतंय आणि सकाळपासून मी तुझ्या आईवर दोनदा आणि कपाटाच्या दारावर एकदा ओरडलोय. आई म्हणते, फोन करा आणि मोकळे व्हा. पण फोनवर तू नुसतं ‘हं, बाबा’ म्हणालीस की मी हवापाण्यावर घसरतो. छत्तीस वर्षं सायकलवरून लोकांची पत्रं पोहोचवली, आता एक स्वतःचं लिहितो.

परवा तुझा फोन आला तेव्हा किती खुशीत होतीस! प्रयोगाची मोहोरबंद पाकिटं फोडलीस आणि कुणाला कोणत्या दिवशी कॅफीनची कॅप्सूल मिळाली, कुणाला नुसत्या पिठाची, हे अखेर तुलाही कळलं. साठी ओलांडलेले अकरा सायकलवाले कॅफीनच्या दिवशी थोडे का होईना, जास्त जोरात पळाले. फक्त बारा नंबरचा गडी पिठाच्या दिवशी सुसाट सुटला. तुझे सर चाट पडले, म्हणाले, काही शरीरांवर कॅफीनचा परिणामच होत नसावा, प्रबंधात यावर एक वेगळं पान लिही. हे मी आईला सांगितलं, तर ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत बसली. बारा नंबर म्हणजे मी, आणि कॉफी पोटात गेल्याशिवाय मला नाकावरचा चष्मासुद्धा सापडत नाही.

तुझा एक माणूस ऐन वेळी गळाला आणि तू मला विचारलंस, तेव्हा मी गल्लीभर सांगत सुटलो होतो. माझं हृदय तपासून घेतलंस, कागदांवर सह्या घेतल्यास आणि बजावलंस की चाचणीआधी चोवीस तास चहा-कॉफी बंद. मी मान हलवली. मान हलवायला माझं काय जातंय! पहिल्या दिवशी तुमच्या प्रयोगशाळेच्या फाटकापाशी पोहोचेपर्यंत कपाळात हातोडे पडायला लागले. सायकली लावायच्या शेडमागे गेलो, थर्मासमधली कपभर कॉफी घेतली आणि वर पुदिन्याच्या तीन गोळ्या चघळल्या. तू म्हणालीस, बाबा आज छान वास येतोय. मी साळसूदपणे हसलो.

मग ती तुझी जागची न हलणारी सायकल. तीस सेकंद जीव तोडून पेडल मारायचं, चार मिनिटं धापा टाकायच्या, असं सहा वेळा. शेजारी दहा नंबर, ते दातांचे डॉक्टर, चकचकीत चड्डी घालून माझ्याकडे दयेने बघत होते. खेपा दोनच होत्या आणि पहिलीला कॅफीन मिळालं असं वाटलं, म्हणून पुढच्या खेपेला मी ताडलं की आज आपल्या नशिबी पीठच असणार. म्हणून अख्खा थर्मास रिकामा केला. बरोबर ताडलं होतं, तेच अंगाशी आलं. त्या दिवशी मला पडद्यावरचे आकडे तीन-तीन दिसत होते आणि तिन्ही मी वाढवत होतो.

खरं सांगू? मला वाटत होतं, माझे आकडे मोठे आले की तुझं नाव होईल. आपला बाप जिंकावा म्हणून कुणी प्रयोग करत नाही, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. पण त्यामागे आणखी एक गोष्ट आहे. तू सात वर्षांची असताना टपालखात्याची सायकलशर्यत झाली होती, आठवते? साखळी पडली, माझे हात काळे झाले आणि मी सगळ्यांच्या मागून, मैदान रिकामं झाल्यावर पोहोचलो. दोरीपाशी तू एकटीच उभी होतीस आणि सगळ्यांनी लबाडी केली म्हणून रडत होतीस. मी तेव्हा तुला हसवलं, पण ते रडणं माझ्या मनातून कधी गेलं नाही. तुझ्यासमोर पुन्हा शेवटचं यायचं नव्हतं, इतकंच. त्यापायी तुझ्या तीन वर्षांच्या कामात मी कॉफी सांडून ठेवली. मला फार लाज वाटते गं.

म्हणून हे पत्र. प्रबंध द्यायला अजून बारा दिवस आहेत. ते पान काढून टाक, माझे आकडेही काढ, आणि सरांना कारण खरं सांग, माझं नाक कापलं गेलं तरी चालेल. परवा तुझा फोन ठेवल्यापासून मी कॉफीचा थेंब घेतलेला नाही, कपाटाच्या दारालासुद्धा ते ठाऊक आहे. सर हो म्हणाले तर दोन्ही चाचण्या पुन्हा देतो, थर्मास आईच्या ताब्यात देऊन येतो. या वेळी मी बहुतेक शेवटचाच येईन. तू फक्त रडू नकोस.

तुझाच लबाड,
बाबा