कळलावीचा वेल आणि बागेतलं डोहाळेजेवण

२८ सप्टेंबर १९५८, रविवार. दुपार.
श्री.
आले: कळलावीचे वेल तीन, फुलांसकट. पांढरी रुई एक. धोत्रे चार, पैकी एक काळा. सप्तपर्णीचं रोप एक, गुडघ्याएवढं. आणणारा दयाराम, जवळच्या पाटन गावाहून सायकलवर. एकूण बारा आणे, म्हणजे पंचाहत्तर नये पैसे. शिवाय चहा.
पैसे घेताना दयाराम हसत होता. म्हणे, बाईजी, ये तो मेड़ पे फोकट में उगता है, लोग उखाड़ के फेंकते हैं. मी म्हटलं, लोगों को समझ नहीं है. तो म्हणाला, हओ, आणि आणखी साखर मागितली.
प्लॅन असा. सूनबाईला, शरयूला, सातवा लागतो आहे. कोजागिरीला, २७ ऑक्टोबरला, बागेतलं डोहाळेजेवण करायचं. त्याला बाग लागते. आपल्या अंगणात सध्या एक तुळस आणि कोळशाचा ढीग. इतर बायका शेवंती-डेलियाच्या कुंड्या भाड्याने आणतात. माझा पॉइंट वेगळा. रुई मारुतीची, धोत्रा शंकराचा, कळलावी देवीची. लोक ह्यांना भुताखेताची झाडं म्हणतात. जे देवाला चालतं ते माणसाला काहून चालू नये? मी मॅट्रिक आहे. भीती म्हणजे अज्ञान.
पितृपक्षात नवीन काम काढू नये, हे मला माहीत आहे. पण झाडं आधीच उगवलेली होती. मी फक्त जागा बदलली.
मुख्य मुद्दा: शरयूचं पहिलं बाळंतपण इथे जबलपूरलाच करायचं. रीत माहेरची आहे, कबूल. पण नागपूर आता दुसऱ्या राज्यात गेलं. डोहाळेजेवण इतकं फर्स्ट क्लास व्हायला पाहिजे की तिच्या आईनेच म्हणावं, ठेवा हो तुमच्याकडेच.
संकल्प: महिनाभर कोणाशी वाद नाही. गर्भावर चांगले संस्कार व्हायला घर शांत पाहिजे.

२९ सप्टेंबर.
शेजारच्या कुसुमबाई कुंपणावरून बघून राहिल्या होत्या. म्हणाल्या, अवो वहिनी, हे काय लावून राहिल्या, कळलावी! घरात भांडणं लागतात ना तिच्यानं. मी शांतपणे समजावलं की हे अज्ञान आहे. म्हणाल्या, आमच्या मावशीकडे लागली होती. मी म्हटलं, तुमच्या मावशीकडे वेल नसता तरी लागली असती. त्या आत गेल्या. दार जरा जोरात लागलं. वारा असावा.
भांडण झालेलं नाही.

२ ऑक्टोबर.
सुट्टी. हे आणि शैलेंद्र दोघंही घरी. म्हटलं, कोळशाचा ढीग हलवा, तिथे धोत्रे छान दिसतील. ह्यांनी पेपर वर धरला. शैलेंद्र म्हणाला, आई, लोक धोत्रा काढतात आणि तू लावून राहिलीस. मी त्याला भक्तीबद्दल चार शब्द सांगितले. तो चारच्या आधी उठून गेला. ढीग मीच हलवला. कंबर धरली आहे, पण मी कोणाला बोलले नाही. जेवताना दोनदा उल्लेख केला एवढंच.

४ ऑक्टोबर.
भांडीवाली चंपाबाई अंगणाच्या त्या बाजूला जायला तयार नाही. म्हणते, माताजी, सप्तपर्णी पे चुड़ैल बैठती है. मी विचारलं, गुडघ्याएवढ्या झाडावर ती बसणार कुठे? म्हणे, अभी छोटी होगी. हिच्याशी काय बोलायचं. आजपासून तिकडची भांडी मी घासते.

७ ऑक्टोबर. सकाळ.
कळलावी मान टाकून आहे. जागा बदलली की झाडं लाजतात. बारक्या काटक्यांचा मांडव केला, वरून जुनं लुगडं बांधून सावली दिली. रोज दोनदा जाऊन बघते. काय पाहिजे बाई तुला, पाणी, सावली, का शेणखत?
शरयूने खव्याची जिलबी मागितली. बाजारचं पोटुशीला चांगलं नाही. आवळकाठी दिली. तिने ठेवून दिली. नंतर खाईल.

१० ऑक्टोबर.
आज घरात थोडी चर्चा झाली. विषय: अंघोळीचं पाणी. माझं म्हणणं, मोरीचं पाणी फुकट न घालवता बादलीत धरावं आणि रुईला घालावं. शैलेंद्र म्हणाला, रुई माळरानात पाण्याशिवाय वाढते. मग मी म्हटलं. मग तो म्हणाला. मग हे म्हणाले की मी जरा फिरून येतो. रात्रीच्या जेवणाला आले.
कुसुमबाईंना हे ऐकू गेलं असणार. उद्या म्हणतील, बघा, वेलाने केलं. म्हणून मुद्दाम कुंपणाजवळ जाऊन दोन आरत्या मोठ्याने म्हटल्या.

१४ ऑक्टोबर. नवरात्र.
देवीला कळलावीचं फूल वाहिलं. एकच उरलं होतं. खाली पिवळं, वर लाल, पाकळ्या उलट्या वळलेल्या, जशी ज्योत. ह्याला लोक भुताचं म्हणतात! देवीच्या पायाशी ठेवलं तेव्हा डोळे भरून आले.
शरयूला म्हटलं, तूही बघ, अशी सुंदर गोष्ट बघावी ह्या दिवसांत. ती आली नाही. तिच्या आईने पत्रात लिहिलंय म्हणे, की पोटुशीने त्या वेलाजवळ जाऊ नये, त्याच्या कंदाने अवेळी कळा लागतात. मी म्हटलं, कंद खायचा नाही, फूल बघायचं आहे. दुपारी परत सांगितलं. संध्याकाळी मारुतीची, शंकराची आणि देवीची फुलं वेगवेगळी समजावून सांगितली. ती ऐकत होती. मग म्हणाली, आई, त्या वेलाला तरी दिवसातून दोनदा विचारता, काय पाहिजे म्हणून.
मला समजलं नाही. वेल बोलत नाही, त्याला विचारावंच लागतं. ही बोलते की.

१९ ऑक्टोबर.
कळलावी वाळली. तिन्ही वेल. पानं पिवळी, मग तपकिरी, मग नुसत्या दोऱ्या. हे म्हणाले, पावसाळी वेल आहे, शरदात वाळायचाच, दरवर्षी वाळतो. म्हटलं, हे आधी सांगायचं. म्हणाले, आधी विचारलंस कुठे? चर्चा झाली.
धोत्र्यांची फुलं संपली, काटेरी बोंडं लागली. रुईवर पिवळा मावा. सप्तपर्णी आहे तेवढीच. बाग तयार होतेय. आठ दिवस आहेत.

२२ ऑक्टोबर. दसरा.
कुसुमबाईंकडे सोनं द्यायला गेले. मनात काही ठेवायचं नाही, हा माझा स्वभाव. बसा म्हणाल्या. मी फक्त एवढंच सांगितलं की बघा, वेल वाळून गेला आणि आमच्या घरात एकही भांडण नाही. त्या म्हणाल्या, हो, सगळी गल्ली ऐकते ना ती शांतता. काय म्हणायचं होतं त्यांना? घरी येऊन शैलेंद्रला विचारलं, आपण भांडतो का? तो म्हणाला, नाही, तू बोलतेस. समाधान वाटलं.

२६ ऑक्टोबर.
विहीणबाई नागपूरहून आल्या. शेवचिवडा, सांबारवडी, लुगडं, चोळी, बाळाची दुपटी. मी म्हटलं, कशाला एवढं आणलं. म्हणाल्या, परराज्यात यायचं म्हणजे जकात भरावी लागते ना ताई. सगळे हसले. शरयूसुद्धा. ती हसते हे विसरायला झालं होतं.
त्यांना बाग दाखवली. त्या पदराने नाक झाकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ताई, बाग कुठे आहे? मी म्हटलं, ही काय. म्हणाल्या, अच्छा.
उद्याचा प्लॅन पक्का. वाडीची, म्हणजे शरयूच्या अंगावरच्या दागिन्यांची, फुलं बाजारातून आणायची नाहीत. मुकुट रुईच्या कळ्यांचा, मारुतीला घालतो तसाच. कंबरपट्टाही रुईचा. गजरा धोत्र्याच्या फुलांचा. दयाराम ताजी आणून देतो म्हणाला, हओ. सगळं देवाघरचं. बाळ तेजस्वी होणार.

२८ ऑक्टोबर.
काल लिहिणं झालं नाही.
जे झालं ते असं. चार वाजता बायका जमल्या. अंगणात पाट मांडला, रांगोळी काढली, वाळलेल्या वेलांवर मी रंगीत कागद गुंडाळले होते. शरयूला हिरवं लुगडं नेसवून आणलं. मी माझ्या हाताने मुकुट बांधला. कळ्या ताज्या खुडलेल्या, देठातून थोडं दूध येत होतं. देवाला बांधतो तेव्हाही येतं, देव काही बोलत नाही. कंबरपट्टा. गजरा. कोणीतरी खुदकन हसलं. मग कुसुमबाई म्हणाल्या, अगं बाई, हे डोहाळेजेवण आहे का शंकराची वरात!
सगळ्या हसल्या. इतक्या की पाळण्याचं गाणं सुरूच होईना. मी म्हटलं, हसा, मॅट्रिकपर्यंत शिकला असता तर हसला नसता. मग जरा शांत झालं. जास्तच शांत झालं.
आणि शरयू कपाळ खाजवायला लागली. मुकुटाखाली लाल पट्टा उठला होता. एक थेंब भुवईवर आला होता. विहीणबाई उठल्या, मुकुट सोडला, गजरा काढला, तिला मोरीत नेलं. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. बायकांनी आपापली दुधाची भांडी घेतली आणि चलो, चलो करत निघाल्या. चंद्र निघायचा होता.
डॉक्टर म्हणाले, रुईचा चीक आहे, डोळ्यात गेला नाही हे नशीब. मलम दिलं.
शैलेंद्र बाहेरच्या खोलीत उभा होता. मी म्हटलं, हेतू चांगला होता. तो म्हणाला, आई, शरयूला एकदा विचारलं असतंस, तुला काय आवडतं म्हणून. मी म्हटलं, मी देवाची फुलं निवडली. तो म्हणाला, ती देव नाही. आणि ह्यांच्याशी जन्मात न बोलणारा मुलगा ह्यांच्याजवळ जाऊन बसला.

२९ ऑक्टोबर.
त्या दोघी गेल्या. सकाळच्या गाडीने. विहीणबाई एवढंच म्हणाल्या, रीत आहे ताई, पहिलं माहेरीच. मी बोलणार होते, ह्यांनी माझ्याकडे बघितलं.
शरयूने वाकून नमस्कार केला. कपाळावर अजून लाल होतं. येते, म्हणायची पद्धत आहे. ती म्हणाली, निघते.

३१ ऑक्टोबर.
विचार केला. मी कोणाशी भांडले नाही. ह्यांनी पण नाही, शैलेंद्रने पण नाही. मग घरात हे झालं कसं? कुसुमबाई आणि त्यांची मावशी बरोबर असू शकतात. जुन्या माणसांच्या म्हणण्यात काहीतरी सायन्स असतं. मॅट्रिकच्या पुस्तकात सगळंच येत नाही.
ह्यांना सांगितलं. म्हणाले, वेल वाळून दहा-बारा दिवस झाले, आणि जे झालं ते रुईने झालं. म्हटलं, वेल वाळला, पण कंद जमिनीत जिवंत आहे. त्यांनी विचारलं, कुदळ पाहिजे का.

१ नोव्हेंबर.
कंद काढले. जमीन कडक. दोन मिळाले, नांगराच्या आकाराचे. तिसरा तुटला, अर्धा आत राहिला. हातावर पिशवी बांधून केलं. दूर नेऊन पुरले. रुई पण काढली, धोत्रे पण. सप्तपर्णी ठेवणार होते, पण चंपाबाई म्हणाली, माताजी, चुड़ैल अकेली रह जाएगी. मग तीही दिली, तिच्या दिराला. चंपाबाई आता अंगणात येते. भांडी तीच घासते. तिच्या हातून कढईला काळं राहतं, हे मी तिला सांगितलेलं नाही. दुपारी सांगितलं.

३ नोव्हेंबर.
अर्ध्या कंदाने उच्छाद मांडला आहे. हे काल दिवसभर बोलले नाहीत. शैलेंद्र बाहेर जेवतो. कुसुमबाईंना कुंपणावरून विचारलं, तुमच्या मावशीकडचं भांडण कसं मिटलं होतं? म्हणाल्या, मिटलं कुठे, मावशी वारल्या. मग त्यांनाच वाईट वाटलं. म्हणाल्या, वहिनी, तुम्ही एकदा पत्र टाका ना सुनेला. साधं. उपदेश नको.

५ नोव्हेंबर.
पोस्टातून जोडकार्ड आणलं, अर्धं आपल्या मजकुराला, अर्धं कोरं, उत्तरासाठी. महाग पडतं, पण पडू दे. चार वेळा कच्चं लिहिलं. पहिल्यात कळलावीची माहिती होती, ती खोडली. दुसऱ्यात मारुती होता. तिसरं ह्यांनी वाचलं आणि फक्त 'हेतू चांगला होता' ह्या वाक्यावर बोट ठेवलं. खोडलं. हे उरलं, उद्या कार्डावर उतरवायचं:

चि. सौ. शरयूस अनेक आशीर्वाद.
कपाळाची खूण गेली का? इकडे सर्व क्षेम. अंगणातली सगळी झाडं काढून टाकली आहेत. घर शांत आहे. इतकं शांत आहे की घड्याळाचा आवाज येतो.
बाळंतपण नागपूरलाच होऊ दे, तीच रीत. तुझ्या आईला एकटीला सगळं झेपणार नाही, म्हणून मी पंधरा दिवस आले असते. बाळाचे कपडे धुईन, शेगडी धरीन. तुला काय द्यायचं ते तुझ्या आईला विचारून करीन. बोलणार नाही.
कार्डाच्या दुसऱ्या अर्ध्यावर माझा पत्ता घालून ठेवला आहे. तुला लिहायचा त्रास नको. नुसतं 'या' एवढंच लिहिलं तरी चालेल. उलट टपाली कळवावे.