किरिलची जोडीदार

१२ नोव्हें., बुध.
किरिलचा कागद आला! दोन वर्षं लटकला होता. मॉस्कोच्या स्केटिंग संघानं सोडलं एकदाचं. आता तो नेदरलँड्सकडून आमच्या मुक्ताबरोबर बर्फावर उतरू शकतो. जोडीत एकाचा पासपोर्ट इथला असला तरी चालतं, आणि मुक्ताचा आहे. इथला घेताना भारताचा परत केला, तेव्हा मी ढसाढसा रडले होते. चला, कुणाच्या तरी कामी आला.

रिंकवर त्यानं मला चक्क उचललं. पन्नाशीला टेकलेली बाई, अंगात दोन स्वेटर. "वैशाली दत्तात्रेयव्ना, फेब्रुवारीत पहिली स्पर्धा!" त्यांच्याकडे मोठ्यांना वडिलांच्या नावासकट हाक मारतात. पहिल्या दिवशीच विचारून घेतलं होतं त्यानं. लग्नानंतर सगळीकडे माझ्या नावापुढे शिरीष लागला. दादांचं नाव इतक्या वर्षांनी कुणी घेतं, तर ते रशियातल्या पेर्म गावचा हा पोरगा.

घरी शि.ला सांगितलं. "वा," म्हणाला आणि डबे घासायला घेतले. त्याचं "वा" मी ओळखते.

१६ नोव्हें., रवि.
फुटलं. शि.: "शाळेचं शेवटचं वर्ष आहे. मेमध्ये परीक्षा. त्याआधी मास्ट्रिख्टच्या मेडिकलची निवड. स्केटिंग बंद. परीक्षा झाली की काय नाचायचं ते नाचा."

आपल्याकडे बारावीला केबल काढतात, बॅट माळ्यावर जाते, आई रजा टाकते. आइंडहोवनला येऊन चौदा वर्षं झाली, हे काही सुटलं नाही. शि. स्वतः जिल्ह्यापर्यंत खो-खो खेळलेला. बारावीला सोडला तो सोडलाच. "मेलो का?"

खरं लिहायचं तर मलाही त्यात फार वावगं वाटलं नाही. सहा महिने तर आहेत. मुक्ता एवढंच म्हणाली, "इट्स फाइन, बाबा," आणि वर गेली. आतून मोडली असणार. तोंडातून शब्द काढणार नाही, माझ्यावरच गेलीय.

१९ नोव्हें., बुध.
रिंकवर सांगून आले. कोच मारायके डोळे विस्फारून, "शाळेसाठी? पण पास होईल ना ती?" इथे पास झालं की भागतं. हिला बारावी कशी समजावू?

किरिलला मात्र लगेच कळलं. बाकावर बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला. "मेमध्ये सीझन नसतो, वैशाली दत्तात्रेयव्ना. पुढच्या वर्षी मी पंचवीस. दोन वर्षं मला कुणी पाहिलेलं नाही. अजून एक गेलं, तर हा कोण, असंही कुणी विचारणार नाही."

त्याचा इथे राहायचा परवाना क्लबमुळे आहे. जोडीच नसेल तर क्लब तरी कशावर देणार? मग परत. त्याच्या वयाच्या मुलांना तिकडे लढाईवर धाडतात. नाड्या सोडल्या, पुन्हा बांधल्या, बर्फावर गेला.

२३ नोव्हें., रवि.
जेवायला आला, दर रविवारसारखा. नाही येणार वाटलं होतं. मराठीतला एकच शब्द येतो त्याला, "पुरे." माझ्या आग्रहामुळे शिकावा लागला.

त्याला चौथ्या वर्षी आईनं बर्फावर उभं केलं. अकराव्या वर्षी एकट्याला मॉस्कोच्या हॉस्टेलवर. ज्युनियरमध्ये एक पदक, कांस्य. मग जोडीदारणीनं दुसरा धरला. नवी मिळेपर्यंत युद्धामुळे त्यांच्या देशालाच बाहेर दारं बंद झाली. ज्या वयात सगळ्यात वर असायचं, त्या वयात हा घरी सराव करत बसला. हे सगळं त्यानं शि.समोर सांगितलं. शि.नं त्याला अजून भात वाढला. मुक्ता ताटात बघत होती.

९ डिसें., मंगळ.
ऑफिसहून येताना रिंकवर डोकावले. किरिल एकटाच. रात्रभर गोदामात खोकी उचलतो, सकाळी थोडं झोपतो, मग हे. मारायके म्हणाली, देशभरात त्याच्या उंचीला आणि दर्जाला चालेल अशी दुसरी मुलगी नाही, शोधून झालं. जर्मनीत एक होती, तिला मिळाला कुणीतरी.

आम्ही काय केलं हे आज खरं कळलं. पुण्यात पोरगी वर्षभर थांबते तेव्हा फक्त तीच थांबते.

४ जाने., रवि.
शि.शी बोलले. बोलले कसलं, भांडले. लग्नाला तेवीस वर्षं झाली, इतकी सलग कधी बोलले नव्हते. म्हटलं, "तू खो-खो सोडलास तेव्हा तुझ्या जागी दुसरा आला. संघ चालू राहिला. इथे दोघांचाच संघ आहे. आपण आपल्या पोरीचा नाही, दुसऱ्याच्या पोराचा खेळ बंद केलाय." शि. उठून बाहेर गेला, सायकल पुसत बसला. जानेवारीत.

११ जाने., रवि.
शि.: "एक स्पर्धा. फेब्रुवारीची. पुढचं पुढे. आणि मार्क घसरले तर माझ्याकडे यायचं नाही."

जिंकले! धावत वर गेले. मुक्ता लॅपटॉपवर. "ओके," म्हणाली. एवढंच. थकलीय बिचारी. किरिलला फोन केला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

१८ जाने., रवि.


सरावाहून येताना गाडीत सहज म्हटलं, बघ, आईनं बाबांना वळवलं की नाही! मुक्ता खिडकीबाहेर बघत: "आई, तू मला विचारलंच नाहीस."
"काय?"
"आय डोन्ट वॉन्ट इट. मला नकोय. बाबा नाही म्हणाले तेव्हा आय वॉज सो हॅपी. मला वाटलं, आता संपलं, आणि कुणाला वाईट पण नाही वाटणार. परीक्षा आहे म्हणून."

कालव्याच्या कडेला गाडी लावली. म्हटलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "तुझा चेहरा बघितलास का, तो आला की?" मग मराठी, इंग्लिश, डच, हाताला येईल ते. तो फार चांगला आहे आणि मी ठीकठाक आहे, हे त्याला माहीत आहे, मला माहीत आहे, मारायकेला माहीत आहे. तो उचलतो तेव्हा दर वेळी वाटतं, मी चुकले की त्याचं सगळं गेलं. "त्याचं आख्खं लाइफ माझ्या पायांवर आहे. मी सतरा वर्षांची आहे, आई."

मी काय म्हणायला हवं होतं ते आत्ता कळतंय. तेव्हा म्हटलं, "फक्त ही एक कर. त्याच्यासाठी."
"ओके."
तिचं ओकेसुद्धा मला इतके दिवस कळलं नव्हतं.

२९ जाने., गुरु.
रोज नेते, रोज आणते. किरिल इतका खुशीत आहे की बघवत नाही. शीळ घालतो. मुक्ता सगळं बरोबर करते, एकही पाऊल चुकत नाही. मारायके मला हळूच म्हणाली, हुशार मुलगी आहे. स्तुती नव्हती ती.

शि.ला सांगितलं नाही. तो म्हणेल, मग मी वेगळं काय सांगत होतो. आणि ते खरं असेल.

१४ फेब्रु., शनि.
निघताना किरिलनं सगळ्यांना बसवलं. त्यांच्याकडे प्रवासाआधी घटकाभर गप्प बसतात. आम्ही जिन्याच्या पायऱ्यांवर, तो बॅगेवर. मग मी दोघांच्या हातावर दही-साखर ठेवली. दोन देशांचे शकुन झाले, अजून काय करायचं माणसानं?

सहा जोड्यांत पाचवे. मोठ्या स्पर्धांसाठी जेवढे गुण लागतात तेवढे नाहीत, जवळपासही नाहीत. मुक्ता पडली नाही. पडली असती तर बरं, पडण्याला काही कारण तरी देता येतं. तो वाकला, वळला, तिच्याकडे असं बघत होता की माझ्या शेजारची अनोळखी डच बाई रडायला लागली. आणि आमची पोरगी नम्रपणे त्याच्याबरोबर फिरत होती.

येताना मुक्ता मागच्या सीटवर झोपली. किरिल हळू आवाजात: "मुक्ता पाहुण्यासारखी स्केट करते. माझी चूक आहे. मी घाई केली. आता उन्हाळाभर आम्ही नुसतं साधं स्केटिंग करू, हातात हात घेऊन. ती मोकळी होईल." शि. गाडी चालवत होता. आरशातून माझ्याकडे बघितलं त्यानं. पोरीलाच नकोय, हे कळलं त्याला.

८ मार्च, रवि.
मुक्ताला म्हटलं, तुला पुढे नकोय हे तू सांग त्याला. "नो. तू जोडी लावलीस, तू सांग." उद्धट म्हणावं तर खोटं कुठे आहे त्यात?

किरिल जेवून गेला. आज वरण गोडसर झालं होतं, तरी दोनदा घेतलं. प्रत्येक घासाला ठरवत होते, आता सांगते. वाढत राहिले. "पुरे, वैशाली दत्तात्रेयव्ना, पुरे!"

१५ एप्रिल, बुध.
मुक्ताला मास्ट्रिख्ट मिळालं! ओरडली, नाचली, मला मिठी मारली. तिला इतकं हसताना किती दिवसांनी पाहिलं. शि.नं दुधाच्या पावडरचे पेढे केले आणि गल्लीभर वाटले. शेजारच्या आजोबांनी विचारलं, वाढदिवस कुणाचा?

शि. म्हणाला, "किरिलला पेढे द्यायला बोलाव. आणि आज सांगून टाक. लटकवू नकोस त्याला. मी सांगू?" म्हटलं, नको, मीच.

आला. पेढा तोंडात टाकला, मुक्तासाठी खरंच आनंदला. मुक्ता खाली येऊन थँक्स म्हणून परत वर. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यानं फोन काढला. मास्ट्रिख्टची ट्रेन तासाभराची. हा तिकडे खोली घेणार, गोदामाची कामं तिकडेही मिळतात. बेल्जियमच्या बाजूला रिंक आहे, त्यांच्याशी बोलूनही झालंय. "सकाळी दोन तास, मग तिचं कॉलेज. डॉक्टर होणारी स्केटर! मारायकेला महिनाअखेर नावं द्यायची आहेत, म्हणजे परवाना वाढेल. सोमवारी सकाळी येईल ना ती?"

हो म्हणाले मी. उरलेले पेढे डब्यात भरून दिले त्याला.

१७ एप्रिल, शुक्र.
शि. रागावलेला नाही. जेवताना मध्येच म्हणाला, "मी तेव्हाच बंद केलं होतं ते बरं होतं." नव्हतं बरं. आता जे चाललंय तेही बरं नाही. बरं असं यात कुठे नाहीच.

२० एप्रिल, सोम.
मुक्ताला उठवलं नाही. एकटीच गेले.

सकाळी रिंकमध्ये अर्धेच दिवे लावतात. किरिल बर्फावर होता, एकटाच जोडीचं करत होता. उजवा हात कमरेच्या उंचीवर धरलेला, मान त्या बाजूला, तिथे कुणी असल्यासारखा हसरा चेहरा. मला पाहून कठड्याशी आला. माझ्या मागे दाराकडे बघितलं. "बूट घालतेय का आत?"

मी म्हटलं, "किरिल, बाहेर ये. बस जरा."

"आधी हे बघा. नवीन सुरुवात बसवलीय. तिच्यासाठी सगळं सोपं केलंय, अवघड भाग सगळे माझे." उत्तराची वाट न बघता गेला. पुन्हा तोच हात, तीच मान. मी कठड्याला धरून उभी. शब्द तयार, इंग्लिशमध्ये घोकून आणलेले.

संपलं. धापा टाकत आला, घाम निथळतोय, डोळे लहान मुलासारखे.

"मुक्ताला आवडेल ना?"