ओव्हनमध्ये ठेवलेला टाकणखार

मुलुंड, मंगळवार
२२ जुलै १९८६

ती. दादांना सगुणाचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींनी पाठवलेले कुळीथ पोचले.

ठीक काय डोंबलाचं. नीला शनिवारपासून धड बोलत नाही. खोदून खोदून काढलं तेव्हा कळलं. तुमच्या दोघांच्या लॅबमध्ये अ‍ॅसिड किती कडक ते टाकणखारावर ठरवतात. खार तोलून पाण्यात विरघळवायचा, वरच्या नळीतून अ‍ॅसिड थेंब थेंब सोडायचं, पिवळं पाणी गुलाबी झालं की थांबायचं. आधी तुम्ही हे सोड्यावर करायचात, सोडा ओव्हनमध्ये सुकवून. नव्या साहेबाने टाकणखार आणला. पावसाने त्याचे गोळे झाले आणि तुम्ही पोरीला म्हणालात, "ओव्हनमध्ये ठेव गं, सोडा नाही का ठेवत?" तिने ठेवला. काका सांगतात म्हणजे बरोबरच.

नीला म्हणते, तापवला की त्यातलं पाणी उडतं. तुमच्या आई मुलांचं तोंड आलं की तव्यावर लाही करायच्या, तसंच. मग वजन तेवढंच, पण खार जास्त. अ‍ॅसिड जास्त लागलं, ते पातळ आहे असं लिहिलं गेलं, आणि त्यावर तपासलेला औषधाचा सगळा माल अडकला.

साहेबाने विचारलं, कोणी ठेवला. ही म्हणाली, मी. तुम्ही शेजारी भांडी पुसत होतात. पुसतच राहिलात.

मी म्हटलं, काकांचं नाव घे. तर मलाच म्हणते, "आई, बाबा गेल्यावर मला कॉलेजात कोणी घातलं? काका रिटायर व्हायला आलेत. मी दुसरी नोकरी बघीन." कुठली बघते? असा शिक्का घेऊन हिला कोण दारात उभं करणार? गुरुवारी तिला लिहून द्यायचंय की चूक माझी. मग कायमची घरी.

हे लिहायचं नव्हतं. काल संध्याकाळी ती मोरीत दार लावून बसली. पाण्याचा आवाज नाही, काही नाही. मी दार बडवलं. बाहेर आली, "डोकं दुखतंय गं" म्हणाली. मोरी घासायच्या अ‍ॅसिडची बाटली वर फळीवर असते, ती खाली होती. बूच लावलेलं होतं. मी बाटली उचलून शेजारच्या शकुकडे ठेवली. शकु म्हणते, "भरलेली देतेस, मग मोरी कशाने घासणार?" म्हटलं, राखेने.

दादा, तुमचे उपकार मी नाकारत नाही. पण मला ही एकच आहे. आज तिच्यासोबत कंपनीच्या गेटपर्यंत आले होते, उद्याही येईन, तेव्हा हे पत्र वॉचमनकडे देईन. गुरुवारी आत येईन. साहेबासमोर मला नीट बोलता यायचं नाही, काहीतरी वेडंवाकडं तोंडातून जाईल आणि सगळ्यांसमोर तुमची लाज निघेल. त्याआधी तुम्ही बोला.

उत्तर लिहीत बसू नका. बुधवारचा दिवस आहे तुमच्याकडे.

अजून तरी तुमची भावजय,
सगुणा