भोपळ्या तेव्हा कुणाकडे बघत होता

रविवार, ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा वाकून नमस्कार.

तीन वर्षांपूर्वी त्या मंगळवारी सकाळी मी नेहमीसारखा उठलो, अंघोळ केली, देवापुढे दिवा लावला, भोपळ्याला खायला घातलं. मग चार्जिंगला लावलेला पट्टा काढला आणि त्याच्या गळ्यात बांधला. इथपर्यंत तुला माहीत आहे, कारण तू ओट्याशी उभी होतीस. मानेवरचा तो काळा डबीसारखा ठोकळा बघून म्हणालीस, "नवा दागिना का रे?" मी म्हणालो, "हरवला तर सापडावा म्हणून कंपनीनं दिलाय."

पुढचं लिहायचं म्हणून हे पत्र घेऊन बसलो आणि आतापर्यंत तीनदा उठलो. आधी इकडची हालहवाल सांगतो.

तुझं कार्ड पोचलं. गुडघ्याला तेल लावतेस म्हणून लिहितेस, लावत नसशील हे मला ठाऊक आहे. वसतिगृहातल्या मुली तुला 'किचनमावशी' म्हणतात हे वाचून हसलो. माझा चष्म्याचा नंबर वाढलाय, म्हणून अक्षर मोठं काढतोय, कौतुकानं नव्हे. फाटकावरच्या पैलवानानं वरची कवळी बसवून घेतली. आता त्याला शिट्टी वाजवता येत नाही, नुसती हवा जाते. ट्रक मागे घेणारे ड्रायव्हर त्याच्याकडे बघून म्हणतात, "पैलवान, पंक्चर काढून घ्या." गोदामाच्या दोन नव्या शेड झाल्या. माझ्याकडची पहाऱ्याची कुत्रीही वाढली. आता आठ आहेत.

तुझ्या प्रत्येक कार्डाची शेवटची ओळ एकच असते. "भोपळ्या बरा आहे ना? त्याच्यासमोर माझं नाव काढू नकोस, उगाच घाबरेल." तीन वर्षांत अशी सहा कार्डं झाली. ती ओळ वाचली की मी कार्ड उलटं करून ठेवतो. उत्तरात नेहमी लिहितो, "भोपळ्या मजेत." तेही खरं नव्हतं.

तुला आठवत असेल, शेडमागच्या गटारीत हे पिल्लू सापडलं तेव्हा त्याचे डोळेही उघडले नव्हते. तू कापसाचा बोळा दुधात बुडवून त्याला चोखायला द्यायचीस. तुझ्या त्या तपकिरी शालीत तो असा गोल बसायचा की तूच नाव ठेवलंस. मॅनेजरसाहेबांनी एका अटीवर ठेवू दिला, मोठा झाला की पहाऱ्याला उभा राहायचा. नोंदवहीत त्याचं नाव टायगर. पैलवान म्हणायचा, "टायगर अशी हाक मारली की हा मागे वळून बघतो, कोण आलं म्हणून."

दीड वर्षाचा झाला तेव्हा अंगानं भरला. परक्या माणसावर भुंकायचा, ट्रकच्या टपावर नजर ठेवायचा. वाईट एकच होतं. साडेदहाला तू खोलीतून माझा डबा घेऊन निघालीस, डब्याची कडी वाजली, की हा पहाराबिहारा टाकून तुझ्याकडे धावायचा. एवढा मोठा जीव, पण मागचं सगळं अंग हलवत. तू ओरडायचीस, "अरे पाडशील मला, मेल्या!" आणि डबा डोक्यावर धरायचीस.

ते एकदा साहेबांनी पाहिलं. मला बोलावून म्हणाले, "हा पहारा देतो की पाहुणचार करतो?" मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "आठ दिवसांत सुधारला नाही तर गाडीत घालून लांब सोडून यायचं. मला खाणारं तोंड नको, चावणारं तोंड हवंय."

त्याच आठवड्यात करंटचे पट्टे विकणारा एक जण आला होता. टापटीप माणूस. म्हणाला, यात काही क्रूर नाही. आधी नुसता आवाज देता येतो, मग थरथर, मग करंट. शून्य ते शंभर आकडे, रिमोट आपल्या खिशात. आम्हा सगळ्यांच्या हाताला लावून दाखवलं, बाराच्या आकड्यावर. पैलवान म्हणाला, "याच्यापेक्षा आमची बायको जोरात चिमटा काढते." सगळे हसलो. मीही.

मला वाटलं, यानं निदान भोपळ्या आपल्याकडे राहील. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. खरंच तसं वाटलं होतं. आणि तुला सांगितलं असतं तर तू पट्टा उचलून चुलीत घातला असतास हेही ठाऊक होतं. म्हणून 'हरवला तर सापडावा' म्हणालो.

त्या मंगळवारी साडेदहाला तू आलीस. कडी वाजली. तो धावला. मी आठ-दहा पावलांवर शेडच्या खांबाशी उभा होतो, हात खिशात. मी आवाज दिला नाही, थरथर दिली नाही. आठ दिवसांतले पाच दिवस गेले होते. आकडा चाळिसावर होता. मी दाबलं.

त्याचं ते ओरडणं तू ऐकलं आहेस. तसं कुत्रं ओरडताना मी आधी ऐकलं नव्हतं. मग तो तुझ्या हाताला चावला, डबा लवंडला, सगळं जेवण मातीत. तू हाताला पदर गुंडाळलास आणि उलट मलाच समजावू लागलीस, "मारू नकोस त्याला, माझाच पाय पडला असेल." दवाखान्यात पाच टाके. परत येताना रिक्षात तू मला विचारलंस, "तू काही केलंस का रे त्याला? पट्टा टोचला का?"

मी "नाही" म्हणालो.

त्यानंतर महिनाभर काय झालं ते तू पाहिलंस, पण का झालं ते तुला माहीत नव्हतं. तू दिसलीस की तो पाण्याच्या टाकीखाली शिरायचा. डब्याची कडी वाजली की जागच्या जागी लघवी करायचा. तू लांब बसून त्याला हाका मारायचीस, आणि जितक्या मायेनं हाक मारायचीस तितका तो आत आत सरकायचा. एका संध्याकाळी तू दारात बसून म्हणालीस, "सासरची माणसं माझ्या पायगुणाबद्दल बोलायची, तेव्हा मी रडायचे. आधी बाळ गेलं, मग हे गेले. पण मनात म्हणायचे, माणसं काय, काहीही बोलतात. मुकं जनावर खोटं बोलत नाही रे."

ताई, मी तिथेच होतो. तुझ्यापासून हातभर अंतरावर शेंगा सोलत बसलो होतो. मी म्हणालो, "असं काही नसतं." एवढंच.

महिना संपताना तू वसतिगृहातलं काम धरलंस. "तुझ्याकडे राहून तुझ्या कामाच्या कुत्र्याला त्रास नको," म्हणालीस. मी तुझी पिशवी गाडीपर्यंत उचलून नेली. खिडकीतून तू मला म्हणालीस, "वेळेवर जेव." तू शाल इथेच विसरलीस. का मुद्दाम ठेवलीस, ते मी विचारलं नाही.

गेल्या जूनमध्ये कंपनीनं कुत्र्यांसाठी नवीन डॉक्टरबाई लावल्या. तरुण आहेत, बोलायला फटकळ. भोपळ्या तेव्हा चार वर्षांचा, पण कुणी जेवणाचा डबा उघडला तरी टाकीखाली जातो, हे त्यांनी पाहिलं. मला विचारलं, "याला पट्टा लावला होता?"

"होय बाई. एकच दिवस."

"बटण दाबलं तेव्हा हा कुणाकडे बघत होता?"

मी म्हणालो, "आठवत नाही."

म्हणाल्या, "तुम्हाला आठवत नसेल. त्याला आठवतंय. त्याला बटण माहीत नाही, खिसा माहीत नाही. दुखलं तेव्हा जे समोर होतं, तेच त्याच्या लेखी दुखणं."

त्या गेल्यावर मला आपली शाळा आठवली. गुरुजींनी मला मागून छडी मारली होती, शेजारच्याशी बोललो म्हणून, आणि मी त्या वेळी भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होतो. तूच मला घ्यायला आली होतीस. पुढे वर्षभर मला भूगोलाची धास्ती होती, गुरुजींची नाही. गुरुजींना तर मी वाकून नमस्कार करायचो. आजही नकाशा समोर आला की तळहाताला घाम येतो. एवढं ज्याच्या स्वतःच्या अंगावर लिहिलेलं, त्याला कुत्र्याचं कळू नये!

पट्टा मी नंतर माझ्या तळहाताला लावून बघितला, चाळिसावर. दुखलं. पण बटण माझ्याच हातात होतं, कधी येणार ते मला माहीत होतं.

मी डॉक्टरबाईंना खरं काय ते सांगितलं. त्यांनी एक रीत शिकवली. तुझी शाल अंगणातल्या दोरीवर टाकायची, भोपळ्याला तीस पावलांवर बसवायचं, आणि त्यानं शालीकडे नुसतं पाहिलं की त्याला मांसाचा तुकडा द्यायचा. बस्स. आठवड्यानं अठ्ठावीस पावलं. एकदा मी उत्साहानं एकदम दहावर आणला, तर तो दोन दिवस जेवला नाही आणि आम्ही परत तीसवर. डब्याचंही तसंच. आधी बंद दाराआड नुसतं झाकण, तेही हळू. मग कडी. मग दार उघडं. पैलवान म्हणायचा, "तुमचं काय चाललंय? शालीची पूजा?" मी म्हणायचो, "तसंच समजा."

डॉक्टरबाईंना विचारलं, हा विसरेल का? म्हणाल्या, "नाही. जुनं तसंच खाली राहील. त्याच्यावर नवं साठत गेलं तर गेलं."

आठ महिने झाले. गेल्या सोमवारी शाल दोरीवरून काढून जमिनीवर अंथरली, तर तो स्वतःहून तिच्यावर जाऊन बसला. आधी गोल फिरला, लहानपणी फिरायचा तसा, आणि मग नाक शेपटीत घालून झोपला. मी खांबाला टेकून उभा राहिलो. गेली तीन वर्षं मी देवापुढे बसून रोज क्षमा मागतो, आणि रोज वाटतं की आपण चुकीच्या दारात उभे आहोत. दार दुसरं आहे, ते माहीत असून तिकडे जात नाही. त्या सोमवारी ठरवलं.

पण अजून एक लिहायचं राहिलं आहे. तेवढ्यासाठी उद्या बसतो.


गुरुवार, १३ फेब्रुवारी, दुपार

उद्या बसलो नाही. चार दिवस गेले.

मंगळवारी साहेबांनी बोलावलं. नव्या चार पिल्लांना पट्टे लावायचे होते. म्हणाले, "तुझा हात बसलेला आहे." मी म्हणालो, "मला जमणार नाही."

"का? हात दुखतो?"

"नाही साहेब. हात फार सहज चालतो, म्हणूनच."

त्यांना काय समजलं देव जाणे. काम सोडतो, टायगरही आता कामाचा नाही, त्याला घेऊन जातो म्हटलं, तर हातानंच 'ने' म्हणाले. पट्टा आणि रिमोट त्यांच्या टेबलावर ठेवला, खोलीची किल्ली दिली. सामान एका ट्रंकेत मावलं. डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात जनावरं धरायला माणूस हवाय, पुढच्या महिन्यापासून तिकडे जाईन. पैलवान फाटकावर सलाम ठोकून म्हणाला, "टायगर, सांभाळ रे म्हाताऱ्याला." आणि भोपळ्यानं चक्क मागे वळून बघितलं.

आता राहिलेलं लिहितो.

त्या दिवशी मी बटण एकदा नाही, दोनदा दाबलं.

पहिल्यांदा तो तुझ्यापासून चार पावलांवर होता, खेळत येत होता. ओरडला, कोलमडला, उठला. तो माझ्याकडे वळेल असं मला वाटलं होतं, तसं त्या विकणाऱ्यानं सांगितलं होतं. तो तुझ्याकडे गेला. शेपूट पोटात घालून, सरपटत, तुझ्या पायांत शिरला. तू डबा बाजूला ठेवून खाली बसलीस आणि त्याला दोन्ही हातांनी कवटाळलंस. मला वाटलं, ऐकत नाही. मी पुन्हा दाबलं.

पहिल्या वेळी तो तुझ्याकडे आनंदानं येत होता. दुसऱ्या वेळी तो तुझ्याकडे वाचायला आला होता, ताई. तुझ्या कुशीत असताना त्याला ते लागलं. मग तो चावला. पहिल्याला मी चूक म्हणतो. दुसऱ्याला काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही. दाबताना मी तुम्हा दोघांकडे बघत होतो.

तुझ्या पायात काही नव्हतं. बाळ गेलं तेव्हा नव्हतं, भाऊजी गेले तेव्हा नव्हतं आणि त्या सकाळी तर नव्हतंच. माझ्या बोटात होतं. मुकं जनावर खोटं बोललं नाही, त्याला खोटं शिकवलं गेलं, आणि शिकवणारा तुझ्या शेजारी शेंगा सोलत बसला होता.

हे मी तुझ्या वसतिगृहासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या बाकावर बसून लिहितोय. पाकीट फाटकावरच्या बाईंकडे देतोय. भोपळ्या माझ्या पायाशी तुझ्या शालीवर आहे. गळ्यात साधी दोरी आहे. मघाशी तुमच्या स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला. त्यानं कान उभे केले, अंगावरून एक थरथर गेली, माझ्याकडे पाहिलं आणि मान पुन्हा खाली ठेवली.

यायचं असलं तर हात रिकामे ठेवून ये. समोरून येऊ नकोस, बाजूनं ये. बाकाच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरी बस. हाक मारू नकोस, हात पुढे करू नकोस. तो आला तर येईल. आज नाही आला तर आम्ही उद्या याच वेळी इथे असू, परवाही. तीस पावलांपासून सुरू करायची आम्हाला सवय आहे.

मी तिथे नको असेन तर बाईंकडून तसा निरोप दे. दोरी बाकाला बांधून मी रस्त्याच्या टोकाला जाऊन उभा राहीन. तुला दिसणार नाही इतका लांब.

तीन वर्षं मनात घोळवलं, ते सगळं लिहिलं. एकदाचंही आणि दोनदाचंही.

तुझा
धाकट्या
(या नावानं पुन्हा हाक मारायची की नाही, ते तू ठरव.)