समोरच्या क्लाससाठी नियम

४ जुलै, शुक्रवार
हिरलच्या क्लासखाली आज पुन्हा स्कूटरांची रांग, पार पानाच्या टपरीपर्यंत. माझ्या क्लासखाली मोजक्याच. खिडकी लावताना सहज दिसल्या. सहज कसलं, मुद्दाम दोनदा उठलो.
मांजलपूरमध्ये बारावी कॉमर्सचं अर्थशास्त्र म्हटलं की माझं नाव निघायचं. वीस वर्षं. आता रस्त्यापलीकडे माझीच विद्यार्थिनी. माझ्याच नोट्सवर शिकलेली. फी कमी, वर ए.सी.

६ जुलै, रविवार
तिचं रील पाहिलं. मागणीची लवचिकता, सेवउसळच्या हातगाडीसमोर उभी राहून. "भाव वाढला तर सोडणार का तुम्ही?" लारीवाला हसतोय, पोरं हसतायत. दीड मिनिटात धडा संपला. मी हाच धडा मीठ आणि मोटारगाडीवर शिकवतो. दोन तास लागतात.
चांगलं होतं. पुन्हा पाहिलं. मग पुन्हा.
मागून सुनंदा : "अहो, कोण आहे ती?"
"कोणी नाही."
बायकोशी खोटं बोलायचं हे काय कारण झालं?

९ जुलै, बुधवार
किरीटभाई आले होते. क्लासवाल्यांच्या मंडळाचे प्रमुख. मंडळ सरकारकडे मागणी करतंय : क्लासला परवाना सक्तीचा. शिकवण्याचा पाच वर्षांचा अनुभव, ठराविक क्षेत्रफळाचा गाळा, घरगुती क्लास बंद. आधी म्हणाले, मुलांच्या हितासाठी. अर्धा चहा पोटात गेल्यावर खरं बोलले : "साहेब, रोज एक नवो क्लास खूले छे. कंईक तो करवुं पडे ने!" रोज नवा क्लास निघतोय, काहीतरी करायलाच हवं म्हणे.
२१ तारखेला अधिकाऱ्यांपुढे सुनावणी आहे, तिथे मी बोलावं म्हणतात. तमे अर्थशास्त्रवाळा, तमारुं वजन पडे.
मी वीस वर्षं फळ्यावर काय लिहितो? परवाना बहुतेक वेळा तेच मागतात ज्यांना स्पर्धा नको असते. मग गिऱ्हाईक जास्त मोजतं, नवा माणूस दारातच अडतो. सरकारने फसवणूक रोखावी. भाव आणि दर्जा गिऱ्हाइकाला ठरवू द्यावा. हे पोटापुरतं शिकवत नाही, मनापासून शिकवतो. बाबा पुरवठा कचेरीत होते. लहानपणी सिमेंटच्या परमिटसाठी लोक त्यांची वाट बघत आमच्या ओट्यावर बसलेले असत. घर बांधायला निघालेली मोठमोठी माणसं, आणि बाबा दिसले की उभी राहायची. तेव्हापासून परमिट या शब्दाचीच चीड.
हिरलला पाच वर्षं झालेली नाहीत. दोनच.
किरीटभाईंना हो म्हणालो.

१२ जुलै, शनिवार
भाषण जमतंय. 'विद्यार्थ्यांचं हित' जरा फारच वेळा आलंय.
भाजी घेताना हिरल भेटली. भर बाजारात वाकून पायाला हात लावला. "सर, तुमचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. मी म्हटलं, आधी सरांना विचारून ये." म्हणजे आता माझी पोरं ती मला परत पाठवणार! उपकार. उर्मट असती तर बरं झालं असतं, राग तरी नीट करता आला असता.

१५ जुलै, मंगळवार
मंडळाची सभा. दुसऱ्या रांगेत हिरल. मंडळात कधी आली, कोणी सांगितलं नाही.
उठली आणि म्हणाली, जे क्लास चालू आहेत ते नियमातून वगळा. अट फक्त नव्यांना. आणि पाच कशाला, सात वर्षं करा. टाळ्या. किरीटभाई तर खूशच. लगेच मंजूर.
जिन्यात गाठलं तिला. "तू? तू नियमाच्या बाजूने?"
"सर, तुम्हीच शिकवलंत ना? आत असलेल्यांना दार लावलेलंच आवडतं. मी आता आत आहे." हसून म्हणाली. लाज नाही, अपराधीपणा नाही, जणू गणिताचं उत्तर सांगितलं.
मी आठवडाभर घासून भाषण लिहिलं, तिने दोन वाक्यांत काम केलं. इथेही तीच पुढे.
घरी येईपर्यंत मी पुन्हा मुक्त बाजाराच्या बाजूचा झालो होतो. ती नियमातून सुटली आणि माझं तत्त्व परत आलं. इतक्या लवकर आलं की माझाच विश्वास बसेना.

१८ जुलै, शुक्रवार
सुनंदा शाळेतून मे महिन्यात निवृत्त झाली. आज जेवताना म्हणाली, पुढच्या खोलीत आठवी-नववीचं गणित घेणार. सोसायटीतल्या दोघीतिघींशी बोलूनही झालंय.
घरगुती क्लास बंद करणाऱ्या नियमाचं सांगावं लागलं.
"म्हणजे माझी खोली बेकायदा?"
"अजून झालेला नाही नियम."
"आणि तो व्हावा म्हणून तुम्ही भाषण करणार?"
"तू क्लास काढणार हे मला कुठे ठाऊक होतं?"
"माझं नसेल ठाऊक. कोणाचा तरी बंद पडणार, हे होतं ना?"
ताट उचलून आत गेली. मी एकटाच ताक पीत बसलो.

२० जुलै, रविवार
हिरल घरी आली, लीलो चेवडो घेऊन, इथला तो ओलसर चिवडा. मला वाटलं माझ्याकडे. तर सुनंदाकडे!
"मॅडम, गणित माझ्याकडे घ्या ना. माझा क्लास चालूमध्ये मोडतो. नियम आला तरी तुम्हाला भीती नाही."
कसं जमतं हिला? दार लावायचं, आणि बाहेर राहिलेल्या चांगल्या माणसाला स्वतःकडे कामाला घ्यायचं. हे मी कधी शिकवलं नव्हतं.
दोघी स्वयंपाकघरात बराच वेळ बोलत होत्या. सुनंदा मोठ्याने हसली. माझ्याशी बोलताना असं हसून किती दिवस झाले.
ती गेल्यावर विचारलं, "हो म्हणालीस?"
"उद्या तुम्ही काय बोलता ते ऐकून सांगते म्हटलंय. मी येणार आहे ऐकायला."

२१ जुलै, सोमवार. सकाळ
नियमाच्या बाजूने बोललो तर सुनंदा समोरच्या क्लासमध्ये जाणार. रोज संध्याकाळी तिथून येऊन मला हिरलच्या गोष्टी सांगणार.
विरुद्ध बोललो तर तिची खोली वाचेल, कदाचित. आणि उद्या हिरलच्या शेजारी एखादी नवी हिरल गाळा घेईल, फी आणखी कमी, रील आणखी छान. हे दुसरं कारण मला पहिल्याहून गोड लागतंय. विरुद्ध बोलेन ते बरोबरच असेल. पण का बोललो, हे सुनंदाला कळेलच.
रिक्षा खाली आलीय. सुनंदा चप्पल घालून दारात उभी.
"येताय ना?"