उत्तर: उस्मानाबाद

लातूर, मंगळवार, १२ एप्रिल १९८३

शिकवणीच्या सरांच्या अकलेची कीव करावी तेवढी थोडी. सुजाता सहावीत आहे, खासगी शाळेच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीला तिला त्यांच्याकडे पाठवतो. आज सराव पेपरात ‘तुमचा जिल्हा कोणता?’ याला तिनं ‘लातूर’ लिहिलं, तर यांनी लाल फुली मारली. कारण काय, तर गाईड गेल्या वर्षी लातूर वेगळा जिल्हा होण्याआधीचं, त्यात उस्मानाबाद छापलंय.

जाऊन विचारलं. चष्मा पुसत म्हणाले, "पेपर तपासणाऱ्याकडंबी हेच गाईड हाय. तुम्हाला मार्क पायजेत का जिल्हा?"

ह्या माणसाला मी सर म्हणतो.

घरी पोरगी म्हणाली, "अप्पा, दुष्काळाच्या टँकरवर तर जिल्हा लातूर लिहिलंय. रोज वाचते मी."

आणि मी काय म्हणालो? "परीक्षेत उस्मानाबादच लिही."

नावं मात्र सरांना ठेवतोय. कलेक्टर कचेरीत कारकून मी. टँकरवरचं ते नाव पेंटरजवळ उभं राहून मीच रंगवून घेतलं. ‘लातूर’ जरा मोठं काढ, म्हणालो होतो.

संध्याकाळी टँकर आला. सुजाता घागर घेऊन रांगेत होती. टँकरकडे पाठ करून पुटपुटत होती, उस्मानाबाद, उस्मानाबाद.