पत्र पोचलं होतं

मी, खाली सही करणारी, एका गवंड्याची विधवा, टपाल कचेरीत सव्वीस वर्षे पत्रांच्या छाटणीचे काम करून निवृत्त झालेली, वय चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे खुब्याचे हाड मोडले आहे, डोके शाबूत आहे. हे मी कोणाच्या सांगण्यावरून, भीतीने किंवा भिडेने लिहीत नाही. भीड असती तर यातली निम्मी कलमे कागदावर आलीच नसती.

कलम १. यापूर्वी केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात मी लिहिले होते की माझ्या मातीला कोणत्याही धर्मगुरूने हात लावू नये, आणि बिशपांनी तर दफनभूमीच्या फाटकाच्या आत पाऊलही टाकू नये. तेव्हाही मी पूर्ण शुद्धीवर होते. मग आता हे काय, असे माझी मुलगी विचारील. तिच्यासाठी कलम ५ सविस्तर लिहिले आहे.

कलम २. दोन खोल्यांचे घर मुलीला. ते तिच्या बापाने सुट्टीच्या दिवशी एक एक थर चढवून बांधले आहे. जावईबापूंना भिंती पाडून मोकळे-मोकळे करायची हौस आहे. त्यांना सांगावे की मधली भिंत छताचे ओझे घेते. तिला हात लावायचा तर आधी माझ्या पुतणीला विचारावे.

कलम ३. टपाल खात्यातल्या बचतीचा अर्धा भाग मुलीला. उरलेल्या अर्ध्यातून या वृद्धाश्रमाने कपडे धुण्याचे मोठे यंत्र घ्यावे. इथल्या सिस्टर मंडळींचे हात मी पाहिले आहेत. पन्नाशीत सत्तरीचे दिसतात.

कलम ४. नवऱ्याची हत्यारे, म्हणजे थाप्या, रंधा, पाणसळ आणि पितळी ओळंबा, पुतणीला. ती बांधकामावर देखरेख करते आणि मजूर तिला टरकून असतात, हे ऐकून मला बरे वाटते. हत्यारे तिच्या बापाच्या, म्हणजे माझ्या दिरांच्या, हाती पडू नयेत. दोघा भावांची मिळून धंद्याची एक पाटी होती. शाळेची भिंत पडली त्या आठवड्यात दिरांनी तिच्यावरून थोरल्या भावाचे नाव रंगवून टाकले. भाऊजी, तुम्ही हे वाचाल तेव्हा मी नसेन, म्हणून आज सांगते. त्याने तुम्हाला एका शब्दानेही दोष दिला नाही. मी मात्र रोज देत होते.

कलम ५. आता मुख्य गोष्ट.

एकतीस वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे चर्चच्या, शाळेला मागच्या बाजूने नवी इमारत जोडायची ठरली. खाली स्वयंपाकघर, वर दोन वर्ग. शाळेचे व्यवस्थापक तरुण फादर होते, हुशार आणि उत्साही. काम माझ्या नवऱ्याला मिळाले. लोक त्याला 'ओळंब्या' म्हणत. दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला तरी आधी चौकट सरळ आहे का ते बघायचा.

पाया खणताना त्याच्या लक्षात आले की ती जागा जुना खड्डा बुजवून केलेली आहे. तळमजला बांधून झाल्यावर तो फादरांना म्हणाला, "भराव अजून बसलेला नाही. एक पावसाळा जाऊ द्या, मग वरचा मजला चढवू." उद्घाटनाची तारीख ठरली होती, मोठे पाहुणे येणार होते. फादर म्हणाले, "बघू." त्याने परत सांगितले, परत "बघू." तेव्हा तो मला म्हणाला, "तू लिही. कागदाला मान असतो."

त्याला लिहिता येत नव्हते. त्याने सांगितले, मी लिहिले. त्यात एक वाक्य होते, 'भिंत आजारी पडली तर खोकत नाही, एकदम पडते.' हे काढू या, फादर हसतील, असे मी म्हटले. तो ऐकेना. रविवारी मिस्सा संपल्यावर मी ते पत्र फादरांच्या हातात दिले. त्यांनी ते झग्याच्या खिशात घातले.

मजला चढला, उद्घाटन झाले. सातव्या महिन्यात, सकाळी मुले प्रार्थनेला मैदानात उभी असताना, मागची भिंत स्वयंपाकघरावर कोसळली. शाळेची स्वयंपाकीण आत होती. तिची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती.

चौकशी समितीने ठरवले की गवंड्याने माल कमी वापरला. मी पत्राचे सांगितले. फादरांना विचारले गेले, तेव्हा ते म्हणाले, "असं कुठलंही पत्र मला पोचलं नाही." टपाल छाटणाऱ्या बाईला हे ऐकावे लागले. माझ्या हाताखालून रोज हजारो पत्रे मुक्कामाला जात होती, आणि स्वतःच्या हाताने दिलेले तेवढे एक पोचले नव्हते. कचेरीतसुद्धा लोक माझ्याकडे बघून गप्प व्हायचे.

त्यानंतर आमच्या गावात नवऱ्याला कोणी काम दिले नाही. परगावी जाऊन तो लोकांच्या मोऱ्यांना गिलावा करत राहिला. नऊ वर्षांनी गेला. पुढे ते फादर बिशप झाले. मी मिस्सेला जाणे सोडले नाही, देवाशी माझे भांडण नव्हते. फक्त शेवटच्या बाकावर बसायचे.

गेल्या वर्षी शाळेच्या अमृतमहोत्सवाची मिस्सा होती. चर्च खचाखच भरले होते. प्रवचनाच्या वेळी बिशपांनी खिशातून एक कागद काढला. घड्या इतक्या जुन्या की उलगडताना ते दोन्ही हातांनी जपत होते. मला वाटले, पाहुण्यांच्या आभाराची यादी असेल. त्यांनी वाचायला सुरुवात केली. "फादर, सप्रेम नमस्कार. माझे पती कळवतात की मागच्या बाजूचा भराव अजून बसलेला नाही..."

मी बसलेलीच होते, तरी पुढचे बाक घट्ट धरले. ते वाचत गेले. "भिंत आजारी पडली तर खोकत नाही, एकदम पडते." कोणीतरी हसले आणि मध्येच थांबले.

मग ते म्हणाले, "हे पत्र मला पोचलं होतं. बाईंनी ते माझ्या हातात दिलं होतं. चौकशीत मी खोटं बोललो. स्वयंपाकीण बाईंचा जीव माझ्या घाईने गेला आणि गवंड्याचं नाव माझ्या खोट्याने. लेखी जबाब मी काल सरकारी कचेरीत दिला आहे. पदाचा राजीनामा पाठवला आहे. पुढची मिस्सा हे दुसरे फादर पूर्ण करतील." आणि बाजूच्या दाराने ते निघून गेले.

शेजारच्या बाईने विचारले, "बरं वाटतंय ना तुम्हाला?" घरी येऊन चहाचे पाणी ठेवले आणि पातेले जळून काळे होईपर्यंत तिथेच उभी राहिले. या दिवसाची मी इतकी वर्षे वाट पाहिली होती. मला आनंद व्हायला हवा होता. नुसता धक्का बसला होता, एखाद्याने अंधारात पायरी काढून घ्यावी तसा.

आठवड्याने ते माझ्या दाराशी आले. अंगात साधा सदरा, हातात तेच पत्र.

"हे तुमचं आहे," ते म्हणाले.

"एवढी वर्षं फाडलं का नाही?"

"फाडायला काढायचो आणि परत ठेवायचो."

"मग आताच का सांगितलंत?"

ते उंबऱ्याबाहेरच उभे होते. मी आत या म्हटले नाही. म्हणाले, "स्वयंपाकीण बाईंची मुलगी माझ्याकडे आली होती. विचारत होती, त्या गवंड्याची कबर कुठे आहे. म्हणाली, बिशपसाहेब, मला त्याला माफ करायचंय, तुम्ही सोबत येऊन प्रार्थना कराल का? मी हो म्हणालो, बाई. त्या कबरीपर्यंत गेलोसुद्धा. ती हात जोडून उभी राहिली आणि माझ्या तोंडून प्रार्थनाच निघेना."

मी पत्र घेतले आणि दार लावले.

दोन महिन्यांनी मोरीत घसरले. मुलगी दूर राहते, म्हणून मला इथे, सिस्टरांच्या वृद्धाश्रमात आणले. पहिल्याच सकाळी एक म्हातारा गृहस्थ माझे शौचाचे भांडे उचलायला आला. बाह्या दुमडलेल्या, कमरेला रबरी कापड. मी चेहरा पाहिला आणि चादर गळ्यापर्यंत ओढली.

"तुम्ही? इथं?"

"पहाटे पाच ते दुपारी एक," ते म्हणाले. "नको असेल तर सिस्टरांना पाठवतो."

मी मुख्य सिस्टरांना बोलावून घेतले. त्या जिना पुसत होत्या, तशाच ओल्या हातांनी आल्या. मी म्हटले, "अहो, त्यांच्या हाताचे मुके घेतलेत लोकांनी, आणि तुम्ही त्यांना हे काम दिलंत?" त्या म्हणाल्या, "त्यांनी काम मागितलं, मी पाळी दिली. इथे सगळ्यांनाच पाळ्या आहेत, मलाही." आणि परत जिन्याकडे गेल्या.

मी त्यांना मुद्दाम छळले, हेही लिहून ठेवते. पाणी गरम आहे, गार आहे, उशी उंच आहे. एकदा खीर अंथरुणावर सांडली, ती चुकून नव्हती. त्यांनी चादर बदलली. तेव्हा मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारले, "सरकारी कचेरीतून काही आलं का?" म्हणाले, "तारीख आली आहे. जी शिक्षा होईल ती भोगणार. तेवढे दिवस पाळी दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल."

कलम ६. नवऱ्याचा लोकरीचा कोट या गृहस्थांना द्यावा. पहाटे ते कोपरावर विरलेल्या स्वेटरमध्ये येतात. मी हे त्यांना सांगितले, तेव्हा म्हणाले, "बाई, त्यांचा कोट मला घालवणार नाही." मी म्हटले, "घालायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मी लिहून ठेवते." कोट घेणाऱ्याला साक्षीदार होता येत नाही, असे वकिलांनी सांगितले, म्हणून आज ते बाहेर बाकावर बसले आहेत.

कलम ७. माझ्या दफनविधीची मिस्सा कोणत्याही फादरांनी करावी. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत वरील गृहस्थ असावेत. ते तुरुंगात असले तर त्यांची जागा मोकळी सोडावी, पाच जणांनी उचलावी. मी फार जड नाही.

कलम ८. हे कलम मी गेले तीन दिवस पुढे ढकलत आले. पत्र दिल्यानंतर नवरा कामावर जायला तयार नव्हता. दोन दिवस घरी बसून राहिला. तेव्हा मीच म्हटले, "आपण लेखी कळवलंय. आता जबाबदारी त्यांची. मुलीच्या शाळेचं वर्ष सुरू होतंय, जा तू." तो गेला. मरेपर्यंत त्याने हे कोणाला सांगितले नाही, मीही नाही. त्या गृहस्थांना भर चर्चमध्ये उभे राहून बोलताना पाहिले तेव्हा मला जो धक्का बसला, त्यातला निम्मा याचा होता. बिशपांना जे जमले ते मला जमले नव्हते.

काल स्वयंपाकीण बाईंच्या मुलीला बोलावून मी हे सांगितले. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. मी म्हटले, "तुला साक्षीदार व्हायला सांगणार होते. आता नको असेल तर राहू दे." ती म्हणाली, "मावशी, सही कुठे करायची तेवढं दाखवा. रडायला मला घरी वेळ आहे." ते पत्र मी तिला माझ्या हयातीतच दिले आहे, म्हणून ते या मृत्युपत्रात धरू नये.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, परत वाचला आणि दोन साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत त्याखाली सही केली.

लिहून ठेवणारी: (सही) गवंड्याची विधवा, निवृत्त टपाल कर्मचारी

साक्षीदार पहिली: (सही) शाळेच्या मयत स्वयंपाकीण बाईंची मुलगी

साक्षीदार दुसरे: (सही) वृद्धाश्रमाचे डॉक्टर

ठिकाण: वृद्धाश्रम, पहिला मजला, खिडकीकडची खाट
दिनांक: चौदा ऑक्टोबर, सकाळी अकरा

डॉक्टरांचा दाखला: सही करण्यापूर्वी मी बाईंना तपासले. वार, तारीख, मुलीचे व नातवंडांचे वय त्यांनी बरोबर सांगितले. बाहेर बाकावर बसलेले गृहस्थ कोण, असे मी त्यांची ओळख पटते का हे पाहण्यासाठी विचारले. त्या म्हणाल्या, "आधी बिशप होते. आता कामाला लागलेत." माझ्या मते त्या पूर्ण शुद्धीत आहेत.